रक्ताची पत्रिका

आमच्या जालना जिल्ह्यांत सोयरीक जुळवितांना अद्यापि अनेक घरीं प्रथम पत्रिका मागतात. आतां दुसरी एक पत्रिका सिद्ध झाली आहे; ती माणसाच्या रक्तांतून वाचतात. ‘जीनोम इंडिया’ ह्या संशोधनांत सुमारें १०,००० भारतीयांच्या आनुवंशिक द्रव्याचें वाचन झालें व ९ जानेवारी २०२५ रोजीं तें भांडार नांवें गुप्त ठेवून संशोधकांस खुलें करण्यांत आलें. साहजिकच प्रश्न उद्भवतो: अशा कार्यास ज्यानें रक्त दिलें, त्याला त्याच्यापुरता निकाल सांगावा कीं नाहीं?

परवां आमच्या ओसरीवर हाच विषय निघाला. धाकटे बंधु म्हणाले, “रक्त आपलें, मग आपल्यालाच कां सांगूं नये?” माजघरांतून उत्तर आलें, “आणि मुलीचें कांहीं निघालें, तर तिचें लग्न कसें व्हावयाचें?” दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे.

विदर्भांत व नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्तविकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजीं आरंभलेल्या राष्ट्रीय मोहिमेंत तपासणी करून लोकांस निकालाचें कार्ड देतात. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा निरोगीच असतो. येथें ज्ञान हितकर खरें; पण तेंच कार्ड अर्धवट समजणाऱ्याच्या हातीं पडलें, कीं धडधाकट मुलीवर रोगी म्हणून शिक्का बसतो. वस्तुतः दोष एकट्या मुलीचा नव्हे. मुलाचें कार्डही तितकेंच पाहिलें पाहिजे.

ह्याउलट हंटिंग्टन नांवाचा मेंदूचा विकार. त्याचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. रोग बरा करणारें औषध मात्र अद्यापि नाहीं. चाचणी निघण्यापूर्वीं पाश्चात्त्य देशांत अशा घराण्यांतील बहुतेकांनीं ती करून घेऊं असें सांगितलें होतें. निघाल्यावर ती थोड्यांनींच करून घेतली. ओसरीवरचें मत व प्रसंगाचें मत हीं एकच असतात असें नाहीं.

म्हणून रक्त घेण्यापूर्वींच प्रत्येकास विचारावें: निकाल हवा कीं नको, हवा तर उपाय असलेल्या रोगांपुरताच कीं सर्व? ‘नको’ म्हणण्याचाही अधिकार मानावा. निकाल प्रथम ज्याचा त्याला, जाणत्या वैद्यासमक्ष सांगावा. भावंडांचें रक्त एकच, तेव्हां त्यांना सावध करण्याची गोष्ट त्यानें स्वतः काढावी. आपण आग्रह करावा, सक्ती नव्हे.

मीं वर्गांत वर्षानुवर्षें निकाल मोठ्यानें वाचून दाखविले. खालीं गेलेल्या माना तेव्हां दिसल्या नाहींत; आतां दिसतात. मुलांच्या जन्मपत्रिका आम्हां वडीलधाऱ्यांच्या पेटींत राहिल्या, तें चाललें. ह्या पत्रिकेची किल्ली मात्र ज्याची त्याच्याच हातीं असावी.