वादळानंतरची विहीर
३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरुडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, पंप बंद. तेव्हा जुन्या विहिरीच कामी आल्या. वस्तीतल्या बायामाणसांनी पालापाचोळा उपसला की विहीर साफ झाली असं वाटतं. पण जुलाब, कावीळ त्याच पाण्यातून घरात येते.

टीसीएल पावडर कोरडी टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचंच पाणी विहिरीत सोडून घुसळा. चुन्याचा गाळ बाहेर. किमान अर्धा तास थांबा. माप जलसुरक्षकाला विचारा, ओटी चाचणी समोर करायला लावा: पिवळा रंग आला पाहिजे. उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर उडतो, ग्रामपंचायतीतली पिशवी बघून या. लहान मुलांना तरीही उकळूनच द्या.