जिवंत माशांच्या प्रवासात लवंगतेल

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटमध्ये बहुतेक मासळी बर्फावर येते. जिवंत मासा न्यायचा तर पाणीही सोबत न्यावे लागते. त्या कोंडलेल्या पाण्यात बिथरलेला मासा प्राणवायू भराभर संपवतो, अमोनिया वाढवतो. लवंगतेलातले युजेनॉल त्याला शांत करते. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवतात. गुंगी हलकीच हवी. कल्ल्यांची हालचाल फार मंदावली तर मासा गुदमरतो. उपाशी ठेवणे, गार पाणी, कमी गर्दी एवढे पुरे, हा आक्षेप जवळच्या प्रवासापुरता रास्त आहे; लांबच्या वाटेवर प्रजननाचे मोठे मासे धडपडून खवले गमावतात. मात्र वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांसाठी लवंगतेलाला मंजुरी दिलेली नाही. लगेच ताटात जाणाऱ्या माशाला ते देऊच नये.