गिअर गेले, जबाबदारी राहिली

पुणे - सकाळी कार्यालयात निघण्यापूर्वी स्कूटर एका अंगावर तिरकी करायची, चोक ओढायचा आणि मग किकवर पाय ठेवायचा, हा एकेकाळी मध्यमवर्गीय घरातील नित्यक्रम होता. डिकीत प्लगचा पाना आणि जुन्या कापडाचा तुकडा असेच. पेट्रोलपंपावर किती ऑइल मिसळायचे, हे मालक स्वतः सांगत असे. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या 'बजाज चेतक'साठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेल्या गाडीचा आवाज जरा बदलला, तरी घरातील सर्वांच्या लक्षात येई.

पुढे 'कायनेटिक होंडा'ने गिअरविना आणि बटणावर सुरू होणाऱ्या स्कूटरची सवय लावली. २००१ मध्ये 'ॲक्टिव्हा' आली आणि स्कूटर म्हणजे गिअरलेस, हे समीकरण रूढ झाले. डिसेंबर २००९ मध्ये 'बजाज'ने स्कूटरनिर्मिती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. 'चेतक' हे नाव परतले ते २०२० मध्ये, विजेवर धावणारी गाडी होऊन. या प्रवासात गाडी सोपी होत गेली. मात्र मालकाचा तिच्याशी असलेला संवादही कमी होत गेला.

आजची ११० ते १२५ सीसीची स्कूटर वर्षानुवर्षे फारशी कुरकुर करीत नाही. त्यामुळे तिला काही लागतच नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात टायर, ब्रेक, बेल्ट आणि ऑइल ही झिजणारी मंडळी आजही झिजतातच; फक्त ती निमूटपणे झिजतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. या मृत्यूंमागे वेग, रस्ते, हेल्मेट अशी अनेक कारणे आहेत. गाडीची देखभाल हा त्यातील एकच धागा आहे. परंतु तो पूर्णपणे मालकाच्या हातात आहे.

दोन चाके, दोन हवा

देखभालीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायरमधील हवा. पंपावर 'किती भरू' असे विचारले, की 'भरा नेहमीएवढी' हे उत्तर ठरलेले असते. दोन्ही चाकांत सारखीच हवा भरली जाते आणि तेथेच चूक होते. स्कूटरचे इंजिन मागील चाकाशेजारी असते. चालकाचे आणि मागे बसणाऱ्याचे वजनही प्रामुख्याने मागेच येते. म्हणूनच ११० सीसीच्या अनेक स्कूटरना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ पीएसआय हवा लागते. नेमके आकडे गाडीवरील स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेले असतात.

मागे हवा कमी असेल तर टायर कडेने झिजतो, पेट्रोल अधिक लागते आणि वळणावर गाडी डुलते. पुढे हवा जास्त असेल तर खड्ड्याचा दणका थेट मनगटात येतो आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकडही कमी होते. टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्यावर जवळच्याच पंपावर, दर पंधरा दिवसांनी हवा तपासावी. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखविणारे छोटे उंचवटे असतात. पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली. तो आणखी एक पावसाळा काढेल, असा विचार महागात पडू शकतो.

ब्रेकवरील बाण

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस बंधनकारक आहे. संयुक्त प्रणाली असलेल्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला, की मागील चाकाबरोबर पुढच्या चाकालाही काही प्रमाणात ब्रेक लागतो. मात्र त्यामुळे उजवा ब्रेक निरुपयोगी ठरत नाही. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. त्या क्षणी थांबविण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू वाढत्या दाबाने लावणे, ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

ड्रम ब्रेकचे लायनर झिजले, की ब्रेकची मूठ अधिकाधिक आत जाऊ लागते. मेकॅनिक नट आवळून देतो आणि ब्रेक पुन्हा 'टाइट' होतो. परंतु नट आवळल्याने लायनर नवे होत नाही. ड्रमजवळ, ब्रेकच्या दांडीपाशी एक छोटा बाण आणि त्यासमोर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचत असेल, तर लायनर संपले, असे समजावे. ही तपासणी कोणालाही घरी, पार्किंगमध्ये करता येते. अनेक मालकांना मात्र या बाणाची कल्पनाच नसते.

ऑइल एक नव्हे, दोन

बहुतेक मालकांना इंजिन ऑइल ठाऊक असते. ते साधारणतः पाऊण लिटर लागते. मात्र मागील चाकाजवळील गिअरपेटीत जेमतेम शंभर-सव्वाशे मिलीलिटरचे वेगळे गिअर ऑइल असते. स्कूटरला गिअर नाहीत, मग गिअर ऑइल कशाला, या गैरसमजातून ते अनेकदा राहून जाते. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर दोन्ही ऑइलचा उल्लेख स्वतंत्रपणे करून घेणे हिताचे ठरते.

ऑइल कधी बदलायचे, याचे वेळापत्रक पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही प्रकारे दिलेले असते. जे आधी पूर्ण होईल, ते पाळायचे असते. घर ते भाजी मंडई, घर ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. ऑइलमध्ये साचलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. त्यामुळे 'गाडी फिरतेच कुठे' असे म्हणणाऱ्यांच्या गाडीचे ऑइलही खराब होते. एअर फिल्टरबाबतही असाच गैरसमज आढळतो. अनेक स्कूटरमध्ये तेलाचा अंश असलेला कागदी फिल्टर असतो. तो हवेच्या दाबाने साफ करायचा नसतो, मुदत संपताच बदलायचा असतो.

बेल्ट बोलतो, ऐकणारा हवा

गिअरलेस स्कूटरमध्ये गिअर बदलण्याचे काम रबरी बेल्ट करतो. दोन पुलींवरून फिरणारा हा बेल्ट वेगानुसार आपली जागा बदलतो. इंजिनाचे फेरे वाढले, की पुढील पुलीतील लहान रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. सायकलचा गिअर बदलावा तसा परिणाम येथे आपोआप साधला जातो.

हा बेल्ट साधारणपणे २० ते २५ हजार किलोमीटरनंतर बदलावा लागतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. तत्पूर्वी काही लक्षणे दिसतात. सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. कात्रजच्या चढावर आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. ही लक्षणे दुर्लक्षिली, तर एके दिवशी इंजिन चालू, मात्र मागील चाक जागेवरच, अशी अवस्था होते. उड्डाणपुलाच्या मध्यावर, मागून वाहने येत असताना हे घडले, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

पाणी आणि विमा

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले पाणी अनेकांच्या स्मरणात आहे. अशा पाण्यात गाडी बुडाली असेल, तर पहिला नियम एकच - ती सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी असताना ती सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास दुरुस्तीयोग्य गाडीचे इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. गाडी ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजमध्ये न्यावी. तेथे दोन्ही ऑइल बदलून, बेल्टची पेटी आणि ब्रेकचे ड्रम उघडून साफ करून घ्यावेत.

येथेच विम्याचा मुद्दा येतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा विमा सक्तीचा आहे. मात्र ही सक्ती 'थर्ड पार्टी' विम्याची आहे. म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा अनेकदा एकाच वर्षाचा असतो. 'पाच वर्षे काळजी नाही' या समजुतीत तो संपून जातो आणि पूर किंवा चोरीनंतर ही बाब उघड होते. पॉलिसीवरील दोन्ही तारखा आजच पाहून ठेवणे श्रेयस्कर. पीयूसीही विसरू नये. पहिल्या वर्षानंतर ती आवश्यक असते. बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांना ती वर्षाने, तर जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी काढावी लागते.

हिशेब साधा आहे

हडपसरहून शिवाजीनगरला रोज ये-जा करणारी स्कूटर दिवसाला २५ किलोमीटर आणि वर्षातून ३०० दिवस धावते, असे मानू. वर्षाचे साडेसात हजार किलोमीटर होतात. लिटरला ४५ किलोमीटरचे ॲव्हरेज आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला, तर वर्षाचा खर्च सुमारे साडेसतरा हजार रुपये. कमी हवा, घट्ट ब्रेक आणि तुंबलेला फिल्टर यांमुळे ॲव्हरेज ४० वर आले, तर हाच खर्च सुमारे १९ हजार ७०० रुपयांवर जातो. म्हणजे दुर्लक्षाची किंमत वर्षाला २,२०० रुपये. हवा तपासायला यातील काहीच लागत नाही आणि ऑइल बदलण्यास काही शे रुपये पुरतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळेही ॲव्हरेज थोडे घटते, हे खरे. पण प्रत्येक घट इथेनॉलच्या माथी मारून चालत नाही.

विजेवरील स्कूटर घेणाऱ्यांची इंजिन ऑइल, प्लग आणि फिल्टर यांतून सुटका होते. टायर, ब्रेक आणि विमा यांतून मात्र कोणाचीही सुटका नाही.

जुन्या स्कूटरच्या मालकाला गाडीकडे लक्ष द्यावेच लागे, कारण लक्ष न दिल्यास ती सुरूच होत नसे. नवी स्कूटर दुर्लक्ष केले तरी बटण दाबताच सुरू होते. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी हवा, महिन्याकाठी ब्रेकचा बाण आणि वर्षातून एकदा पॉलिसीवरील तारीख, एवढे तरी तिच्या मालकाने आठवणीने पाहावे. गाडी सुरू होते, याचा अर्थ ती वेळेवर थांबेलच, असा होत नाही.