डंकेल प्रस्तावाची सरकारी वकिली

‘गॅट’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी २० डिसेंबर १९९१ रोजी व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीचा मसुदा सदस्य देशांपुढे ठेवला. सगळा स्वीकारा किंवा सगळा सोडा, असे त्याचे स्वरूप होते. एरवी एका बाजूला न दिसणारे डावे पक्ष आणि स्वदेशी जागरण मंच भारतात त्याविरुद्ध उभे राहिले. डिसेंबर १९९२ मध्ये कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधल्या कारगिल या अमेरिकी बियाणे कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रे जाळली.

नरसिंह राव सरकारच्या समर्थनाचा भर, करारातून काय मिळेल यापेक्षा काय जाणार नाही हे पटवण्यावर होता. औषधांवर उत्पादन-पेटंट येईल, पण दहा वर्षांनी. बियाण्यांना पेटंटच द्यावे असे नाही, स्वतंत्र कायदाही चालेल. शिवाय बाहेर राहिलो तर अमेरिका एकेकट्याला गाठेल, हे १९८९ मध्ये भारतावर उगारलेल्या ‘सुपर ३०१’ या अमेरिकी व्यापार कलमाने दिसलेच होते. मिळकत म्हणून दाखवता येण्याजोगी मुख्य गोष्ट कापडाच्या निर्यात कोट्यांची. तेही दहा वर्षांत उठायचे होते.

सर्वांत गमतीचा मुद्दा शेती अनुदानाचा. सरकारी हिशेबानुसार पिकांना मिळणारा भाव-आधार उणे होता, म्हणजे देशातले भाव जागतिक भावांपेक्षा कमी होते, म्हणून कपात करण्याजोगे काहीच नाही, असा दिलासा अधिकारी देत. शेतकरी संघटनेचे शरद जोशी प्रस्तावाचे उघड समर्थक होते. पण त्यांनी हाच उणे आकडा सरकारने शेतकऱ्याला लुटल्याचा कबुलीजबाब म्हणून वापरला. सरकारला लाभलेला सर्वांत तर्कशुद्ध पाठीराखा त्याचाच आरोपकर्ता होता.

वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशला अंतिम करारावर सही केली. करार करणे हा कार्यकारी मंडळाचा अधिकार, हे संसदेची संमती मागणाऱ्यांना दिलेले उत्तर होते. अंमलबजावणीचा कायदा मात्र संसदेतूनच यावा लागतो. ३१ डिसेंबर १९९४ चा पेटंट अध्यादेश व्यपगत झाला आणि विधेयक राज्यसभेत अडकले. अमेरिकेच्या तक्रारीवर भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत हरला. दुरुस्ती १९९९ मध्ये झाली.

आश्वासने कायद्यात उतरली ती विरोधाच्या रेट्याने. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला; अट एवढीच, की संरक्षित वाणाचे बियाणे त्याने ब्रँडच्या नावाने विकू नये. २००५ मध्ये उत्पादन-पेटंट आले, पण जुन्या औषधातल्या किरकोळ बदलाला पेटंट नाकारणारे पेटंट कायद्याचे कलम ३(ड) डाव्यांच्या आग्रहाने कडक झाले. त्याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसला कर्करोगावरील ‘ग्लिवेक’चे पेटंट नाकारले.