ओकेचं कूळ, ओकेचं मूळ

नवा सिनेमा पाहून आलेल्या मित्राला ‘कसा होता?’ विचारलं आणि तो नुसतं ‘ओके’ म्हणाला, की तिकिटाचे पैसे वाचवायचे हे आपण ठरवून टाकतो. तोच मित्र जिन्यावरून घसरला आणि उठून ‘मी ओके आहे’ म्हणाला, की आपला जीव भांड्यात पडतो. साहेबांनी फाइल ‘ओके केली’ म्हणजे मंजुरी मिळाली. दिग्दर्शकानं ‘शॉट ओके’ म्हटलं, की सेटवरचे सगळे पुढच्या शॉटच्या तयारीला लागतात. वर्गात शिरता शिरता सर ‘ओके’ म्हणाले तर गोंगाट थांबवायचा असतो, आणि फोनवर बोलणं लांबल्यावर कुणी ‘ओके, चल मग’ म्हणालं तर आपण आवरतं घ्यायचं असतं.

विशेषण, क्रियापद, नाम, उद्गार अशी सगळी कामं हा एवढासा शब्द करतो. अमेरिकेतले भाषा-अभ्यासक अ‍ॅलन मेटकाफ यांनी २०१० साली या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं. ओके होकार देतो, पण शेरा मारत नाही, हा त्याचा विशेष त्यांनी नेमका हेरला. काम उत्तम झालं की जेमतेम, याबद्दल ओके काही बोलत नाही. हरकत नाही, पुढे चला, एवढंच तो सांगतो. माणसांना दिवसभरात असं कितीदा तरी म्हणावं लागतं, आणि त्यासाठी इतका आटोपशीर शब्द दुसरा नाही.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. ओकेचं कूळ मात्र अनेकांनी शोधलं आणि प्रत्येकाला ते आपल्याच अंगणात सापडलं. ग्रीक लोकांनी ‘ओला काला’ म्हणजे ‘सगळं छान’ याकडे बोट दाखवलं. स्कॉटिश लोकांनी ‘ऑख आय’ पुढे केलं, फिनिश लोकांनी ‘ओइकेआ’. हैतीतल्या ले काय बंदराची रम फार नावाजलेली, म्हणून फ्रेंच ‘ओ काय’वरून हा शब्द आला असंही सांगितलं गेलं. मालाच्या पावत्यांवर आपली आद्याक्षरं टाकणारा ओबडाया केली नावाचा रेल्वे कारकूनही कथेत येऊन गेला. या कथा ऐकायला गोड आहेत, पण एकीलाही कागदाचा आधार नाही.

तो आधार शोधला कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन वर्तमानपत्रं त्यांनी चाळून काढली आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमाला लिहून आपले पुरावे मांडले. भाषेच्या अभ्यासातलं हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण ऐकीव गोष्टींच्या ढिगाऱ्यातून त्यांनी एक तारीख बाहेर काढली. ती तारीख २३ मार्च १८३९. त्या दिवशीच्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या दुसऱ्या पानावर, ‘अँटी बेल रिंगिंग सोसायटी’ या बोस्टनमधल्या गमत्या मंडळींच्या संस्थेबद्दल लिहिताना, संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी ‘ओ. के.’ ही अक्षरं छापली आणि शेजारीच ‘ऑल करेक्ट’ असा खुलासाही दिला.

आता ‘ऑल’चं इंग्रजी स्पेलिंग ए अक्षरानं सुरू होतं आणि ‘करेक्ट’चं सी अक्षरानं. मग ओ आणि के आले कुठून? त्या काळी बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मोठ्या वाक्प्रचारांची आद्याक्षरं करायची हौस होती. त्याहून मोठी हौस होती ती आधी मुद्दाम अशुद्ध लिहून मग आद्याक्षरं घ्यायची. ‘ऑल राइट’ चुकीचं लिहून त्याचं ‘ओ. डब्ल्यू.’ करत, ‘नो यूज’चं ‘के. वाय.’ करत. या साऱ्या पिलावळीतला ओके हा एक. जे शंभर टक्के अचूक आहे असं सांगायचं, तेच दोन्ही अक्षरं चुकवून सांगायचं, अशी ती चेष्टा होती. बाकीची पिलावळ हौस ओसरताच नाहीशी झाली. ओके तेवढा राहिला, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली.

१८४० साली राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थक त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. त्याची आद्याक्षरं ओ. के.! न्यूयॉर्कमध्ये ‘ओ. के. क्लब’ स्थापन झाला. विरोधातल्या व्हिग पक्षानं तीच अक्षरं उलटवली आणि ‘आउट ऑफ कॅश’, ‘आउट ऑफ क्रेडिट’ असे त्यांचे अर्थ लावले, अर्थात सीच्या जागी के घालून. याच धामधुमीत आणखी एक आवई उठली. आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नव्हतं, ते कागदपत्रांवर ‘ओल करेक’ अशा अर्थानं ओ. के. लिहीत, अशी. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, विल्यम हेन्री हॅरिसन जिंकले. दोन्ही बाजूंनी वापरलेला शब्द मात्र देशभर पोहोचला.

जॅक्सनची आवई फार काळ टिकली. तिला आधार म्हणून टेनेसीतली १७९० सालची एक न्यायालयीन नोंदही दाखवली जाई. एका गुलाम माणसाच्या विक्रीखताची ती नोंद, आणि तिच्या शेवटी म्हणे ओ. के. नीट पाहिल्यावर ते ओ. आर. निघालं, म्हणजे ‘ऑर्डर्ड रेकॉर्डेड’, नोंद करण्याचा हुकूम. हस्ताक्षरातल्या आरचा पाय लांबला, तो वाचणाऱ्याला के दिसला आणि त्यावर एक कथा उभी राहिली. जुनी दप्तरं वाचणाऱ्या आपल्या मोडी अभ्यासकांना या प्रकारात नवं काही वाटणार नाही.

पुढे तारायंत्रानं आणि रेल्वेनं शब्दाला कामाला लावलं. संदेश पोहोचला हे कळवायला दोन अक्षरं पुरत होती. साहित्यिकांनी मात्र बराच काळ त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

मूळ कळण्याआधीही आणि कळल्यावरही ते दुसरीकडे शोधायची लोकांची ओढ दिसते. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन कागदपत्रांवर ‘ओके’ असं न लिहिता ‘ओकेह्’ लिहीत, कारण हा शब्द चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या भाषेतून आला असं त्यांचं मत होतं. त्याच स्पेलिंगची ‘ओकेह्’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी १९१८ मध्ये निघाली. संस्थापक ऑटो हाइनेमान यांची आद्याक्षरंही त्या नावात बसत होती. १९२० मध्ये याच कंपनीनं मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ काढलं आणि ब्लूजच्या ध्वनिमुद्रणाचा रस्ता मोकळा झाला. विद्वान डेव्हिड डाल्बी यांनी ओकेचा उगम पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतल्या ‘वाव’ म्हणजे ‘हो’ आणि ‘के’ या जोर देणाऱ्या शब्दात पाहिला. गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेच्या भाषेला काय दिलं, हे विचारणं रास्तच आहे आणि तो प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. पण या एका शब्दापुरता रीड यांच्या कागदाइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुणाकडे नाही.

आपल्याकडे ओके वाचायला मिळाला तो ट्रकच्या पाठीवर. डावीकडे ‘हॉर्न’, उजवीकडे ‘प्लीज’ आणि मधोमध मोठ्या अक्षरांत ‘ओके’. तो तिथे का, याच्याही कथाच आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांवर ‘ऑन केरोसीन’ लिहीत, त्याचं हे ओ. के., अशी एक. टाटा ऑइल मिल्सच्या ‘ओके’ साबणाची ती जाहिरात होती, अशी दुसरी. तो साबण खरोखर होता, पण ट्रकशी त्याचं नातं सिद्ध करणारा कागद मी पाहिलेला नाही. कारण नसताना हॉर्न वाजवायला या मजकुरानं उत्तेजन मिळतं, म्हणून एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्रात व्यापारी वाहनांवर तो लिहायला बंदी झाली. दुकानातल्या मालावरचा ‘ओके टेस्टेड’चा गोल स्टिकर मात्र अजून दिसतो. आत काय तपासलं ते सांगत नाही, तपासलं एवढंच सांगतो.

मराठीनं या शब्दाला इंग्रजीत नसलेली एक गोष्ट दिली आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या एकनाथ शिंदे यांच्या बंडात सामील झालेले सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांची तारीफ करताना सगळं ‘ओकेमध्ये’ असल्याचं म्हणाले आणि ते बोलणं राज्यभर घुमलं. ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. पैसे घेतल्याचा तो आरोप शिंदे गटानं फेटाळला. राजकारण बाजूला ठेवून व्याकरण पाहावं. इंग्रजीत ओकेला सहसा ‘व्हेरी’ जोडत नाहीत, कारण हरकत नाही याला कमी-जास्त प्रमाण नसतं. मराठी माणूस ‘एकदम ओके’ म्हणतो, त्याला ‘मध्ये’ लावतो, आणि मनापासून खूश असला की ककाराला ककार जोडून ‘ओक्के’ म्हणतो.