३९७, ३९८, ३९९ की ४००?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकावरून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना दोन तारखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. १९ फेब्रुवारी ही शिवजयंतीची. चौकातला अश्वारूढ पुतळा शिवछत्रपतींचाच आहे. आणि १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. या दोन तारखा हाताशी धरून आपण संगणक शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे कधी ना कधी येणारा एक प्रश्न सोडवू या. दोन तारखांमध्ये किती दिवस असतात?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्याला तेरा महिने वाट पाहावी लागली, असे आपण म्हणतो. पण नेमके दिवस किती?

हा प्रश्न वर्गात घातला तर चार उत्तरे येऊ शकतात. वर्षांतील फरक एक म्हणजे ३६५, महिन्यांतील फरक एक म्हणजे ३० आणि तारखांतील फरक दोन, असे धरले तर उत्तर ३९७. नवशिक्याचा प्रोग्रॅम बहुधा असाच असतो. ऑगस्ट ३१ दिवसांचा आहे हे लक्षात घेतले तर ३९८. मधल्या काळात २९ फेब्रुवारी १९४८ येऊन गेली, हेही लक्षात आले तर ३९९. आणि पहिला व शेवटचा असे दोन्ही दिवस मोजले तर ४००.

गोंधळ होतो तो महिने सारखे नसल्यामुळे. त्यावर उपाय असा, की तारखांची थेट वजाबाकी करायचीच नाही. आगगाडीच्या मार्गावर दोन स्थानकांतील अंतर हवे असेल, तर आपण प्रत्येक स्थानक पहिल्या स्थानकापासून किती किलोमीटरवर आहे ते पाहतो आणि वजाबाकी करतो. तसेच प्रत्येक तारखेला एका ठरावीक दिवसापासूनचा अनुक्रमांक द्यावा. इ.स. १ मधील १ जानेवारीला क्रमांक १ देऊ. ही सुरुवात केवळ सोयीची आहे. वजाबाकीत ती उडून जाते.

प्रोग्रॅमच्या पायऱ्या अशा :

१. वर्षातून १ वजा करा. ही पूर्ण झालेली वर्षे. त्यांना ३६५ ने गुणा.

२. पूर्ण वर्षांना ४ ने भागून येणारा पूर्णांक मिळवा, १०० ने भागून येणारा वजा करा, ४०० ने भागून येणारा मिळवा. म्हणजे लीप वर्षांचे जादा दिवस आले.

३. चालू वर्षातील संपलेल्या महिन्यांचे दिवस मिळवा. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ते अनुक्रमे ०, ३१, ५९, ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४ आणि ३३४ असतात.

४. चालू वर्ष लीप असेल आणि महिना फेब्रुवारीच्या पुढचा असेल, तर आणखी १ मिळवा.

५. शेवटी तारखेचा आकडा मिळवा.

आता १५ ऑगस्ट १९४७ घेऊ. १९४६ × ३६५ = ७,१०,२९०. त्यात ४८६ मिळवा, १९ वजा करा, ४ मिळवा : ७,१०,७६१. पुढे २१२ आणि १५ मिळवले की क्रमांक ७,१०,९८८ येतो. याच रीतीने १७ सप्टेंबर १९४८ चा क्रमांक ७,११,३८७ येतो. फरक ३९९.

हे उत्तर बरोबर आहे, याला साक्षीदार कोण? वार. अनुक्रमांकाला ७ ने भागा. बाकी ० उरली तर रविवार, १ उरली तर सोमवार, असे पुढे. आपल्या दोन्ही क्रमांकांना भागून बाकी ५ उरते, म्हणजे शुक्रवार. आणि खरोखरच ते दोन्ही दिवस शुक्रवार होते. शुक्रवार ते शुक्रवार हे अंतर सातच्या पटीतच असले पाहिजे. ३९९ म्हणजे बरोबर ५७ आठवडे. ३९७ आणि ३९८ ही उत्तरे येथेच बाद होतात. अर्थात चूक नेमकी सात दिवसांची असेल तर हा साक्षीदार गप्प राहील, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

४०० हे उत्तर मात्र चूक म्हणता येत नाही. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सोमवार ते बुधवार रजा घेतली तर तीन दिवसांची रजा मांडली जाते, वजाबाकी मात्र दोन सांगते. अंतर हवे की दोन्ही टोके धरून मोजणी हवी, हे संगणकाला कळत नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे असते.

ही युक्ती संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्या ज्योतिषगणितात ठरावीक आरंभापासून मोजलेल्या दिवसांना 'अहर्गण' म्हणतात. ग्रहांची स्थाने काढण्याआधी अहर्गण काढावा लागे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० हा आरंभ धरून 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. आकडे फार मोठे होऊ नयेत म्हणून त्यांनी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र वापरले. अहर्गणावरून येणारा वार प्रत्यक्ष वाराशी जुळला नाही, तर एक दिवस कमी-अधिक करून घेण्याची रीत त्या गणितात होती. आपला साक्षीदार असा जुनाच आहे.

आता दुसरी तारीख, १९ फेब्रुवारी १६३०. आपल्या प्रोग्रॅमने तिचा क्रमांक ५,९५,०३० येतो. बाकी उरते २, म्हणजे मंगळवार. पण जेधे शकावलीत शिवजन्माचा वार शुक्रवार दिला आहे! येथे साक्षीदार आपल्याला सावध करतो. शिवकालातील रूढ तारखा जुन्या, ज्यूलियन पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीत दर चौथे वर्ष लीप असे, १७०० किंवा १९०० सारख्या शतकवर्षांना सूट नव्हती. पोप ग्रेगरी तेरावे यांच्या सुधारणेने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आली. इंग्रजांनी मात्र ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. १६३० मध्ये दोन पद्धतींत १० दिवसांचा फरक होता. म्हणून आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. क्रमांक ५,९५,०४०, बाकी ५, शुक्रवार. शिवजन्मापासून मुक्तिदिनापर्यंतचे अंतर त्यामुळे १,१६,३५७ नव्हे, तर १,१६,३४७ दिवस होते.

विद्यार्थ्यांचा प्रोग्रॅम तपासताना लांबलचक तारखांपेक्षा अवघड जागा निवडाव्यात. २८ फेब्रुवारी ते १ मार्च हे अंतर २०२३ मध्ये १, २०२४ मध्ये २, २००० मध्ये २ आणि १९०० मध्ये १ आले पाहिजे. ३१ डिसेंबर ते १ जानेवारी १ आणि एकाच तारखेचे स्वतःपासूनचे अंतर ० यायला हवे. यातील १९०० ची परीक्षा क्षुल्लक समजू नये. लोटस १-२-३ या प्रोग्रॅमने ते वर्ष लीप मानले, आणि त्याच्याशी जुळते राहावे म्हणून एक्सेलनेही तीच चूक जाणूनबुजून कायम ठेवली.

पडद्यावर आकडा उमटला म्हणजे उत्तर मिळाले, असे विद्यार्थ्यांना सहज वाटते. तो आकडा दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने पडताळून पाहण्याची सवय त्यांना लागावी, यासाठी तारखांइतके सोपे साधन क्वचितच सापडेल. भिंतीवरच्या कॅलेंडरातला वार त्याला पुरतो.