नव्या पेठेतील पहिला हंगाम

घाटकोपर, चेंबूर, ट्रॉम्बे या पट्ट्यातील अनेक जैन व्यापारी घराण्यांत एक हकिकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आजोबांनी किंवा पणजोबांनी गावाकडील दुकान आवरले, ते मुंबईस आले आणि पहिल्या दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत त्यांनी कसाबसा तग धरला. माल हलविता येतो, पेढीची पाटीही हलविता येते. पत मात्र नव्या पेठेत नव्यानेच मिळवावी लागते. अमेरिकेतील ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ या बास्केटबॉल संघाची वाटचाल हेच सांगते. या संघाची सूत्रे आज मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या हाती आहेत.

अमेरिकेत व्यावसायिक संघ ही मालकाची मालमत्ता असते. लीगने संमती दिल्यास तो संघ दुसऱ्या शहरी नेऊ शकतो. हा संघ मूळचा रॉचेस्टरचा. १९५७ मध्ये तो सिनसिनाटीस आणि १९७२ मध्ये कॅन्सस सिटीस गेला. १९८३ मध्ये सॅक्रामेंटोच्या व्यावसायिकांनी तो सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरना विकत घेतला व १९८५ मध्ये आपल्या शहरी आणला. कॅलिफोर्नियाची राजधानी असूनही या शहरापाशी तोवर असा एकही मोठा व्यावसायिक संघ नव्हता.

पहिल्या हंगामात ८२ सामन्यांपैकी ३७ जिंकले, ४५ गमावले. संघ बाद फेरीत पोहोचला, पण ह्यूस्टनकडून सलग तीन सामने हरला. खेळाचा ताळेबंद असा बेताचा होता. प्रेक्षागार मात्र भरलेले होते. जेमतेम १०,३३३ आसनांच्या तात्पुरत्या इमारतीत सुरू झालेली ‘सर्व तिकिटे संपली’ ही परंपरा पुढे ४९७ सामन्यांपर्यंत अखंड चालली. १९९०-९१ मध्ये परगावच्या ४१ सामन्यांपैकी संघाने केवळ १ जिंकला, तरीही घरच्या मैदानावरील गर्दी ओसरली नाही.

हिशेबशास्त्रात या ठेव्याला ‘ख्याती’ म्हणतात. स्वतः कमावलेली ख्याती वहीत नोंदविली जात नाही. व्यवसाय विकला गेला, की खरेदीदाराच्या वहीत तिची किंमत दिसते. परंतु ती किंमत ज्या ग्राहकांमुळे निर्माण झाली, त्यांचे नाव वहीत कोठेच नसते.

२०१३ मध्ये हाच प्रश्न उभा राहिला. तत्कालीन मालकांनी सिॲटलच्या गटाशी विक्रीचा करार केला होता. सिॲटलचे दुःखही खरे होते. त्यांचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीस नेण्यात आला होता. एका शहराचा पहिला हंगाम म्हणजे दुसऱ्या शहराचा अखेरचा, हे या व्यवहारातील कटू सत्य होय. सॅक्रामेंटोचे महापौर आणि नागरिक यांनी संघ राखण्यासाठी खटपट केली, रणदिवे यांच्या गटाने खरेदीची तयारी दाखविली आणि मे महिन्यात लीगच्या मालकांनी स्थलांतराचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला. संघ सॅक्रामेंटोतच राहिला. २०१६ मध्ये त्याच्यासाठी शहराच्या मध्यभागी नवे क्रीडागार उभे राहिले.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात एन.बी.ए.चा भारतातील पहिला सामना झाला. समोर मुंबईतील शाळांची सुमारे ३,००० मुले बसली होती. जादा वेळेपर्यंत ताणलेल्या त्या लढतीत किंग्ज १३१-१३२ असे एका गुणाने इंडियाना पेसर्सकडून हरले. रणदिवे यांच्यासाठी तो जन्मगावी झालेला पराभव होता. पण मुंबईतील मुलांना एन.बी.ए.चा सामना आपल्याच शहरात प्रत्यक्ष पाहता आला, त्यात त्यांच्या संघाचाही वाटा होता.

अपरिग्रहाचा संस्कार लाभलेल्या व्यापाऱ्यास यातील मर्म सहज उमगावे. कागदोपत्री मालकी एकाची असते. पत मात्र पेठेने विश्वासाने सोपविलेली ठेव असते. पहिल्या वर्षी ज्यांनी उंबरठा ओलांडला, त्यांचे ऋण पेढी हलविण्याचा विचार मनात येईल त्या दिवशी आधी मोजावे.